अनोळखी इसम, उंची अंदाजे पाच फूट चार

मुर्री हे गोंदिया शहराला चिकटलेलं गाव. अशा गावांत एका अंगाने प्लॉट पडत जातात आणि दुसऱ्या अंगाने धानाच्या बांध्या तग धरून असतात. उन्हाळ्यात जेसीबीला उसंत नसते. कुठे पाया, कुठे मुरूम, कुठे बोडीतला, म्हणजे छोट्या तळ्यातला, गाळ. समजा, अशाच एका खड्ड्यातून मातीबरोबर एक लांब हाड वर आलं. चालकाने इंजिन बंद केलं. चार माणसं जमली. कुणी म्हणालं ढोराचं असेल, कुणी म्हणालं इथे पूर्वी मसणवट होती, आणि एका म्हाताऱ्याने काही न बोलता चप्पल काढली. मग फोन झाला, ठाण्यातून गाडी आली, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला, पंचनामा लिहायला घेतला. पंचनाम्याच्या कागदावर पहिल्याच ओळीत नावाची जागा असते. तिथे लिहिलं जातं, ‘अनोळखी’.

हे हाड काल्पनिक आहे, पुढची वाट मात्र खरी आहे. या ‘अनोळखी’पासून नावापर्यंत कसं जायचं, ते बघणारं शास्त्र म्हणजे न्यायवैद्यक मानवशास्त्र. टीव्हीवरच्या मालिकांनी त्याची फार सोपी कल्पना करून दिली आहे. पांढरा कोट घातलेली बाई हाडाकडे बघते आणि सांगते, बत्तीस वर्षांचा पुरुष, डावखुरा, सुतार. प्रत्यक्षात हाड इतकं बोलत नाही. ते माणसाचा आराखडा देतं. नाव दुसरीकडून यावं लागतं, आणि आपल्याकडे घोडं अडतं ते त्या दुसरीकडेच.

पहिला प्रश्न साधा असतो: हे माणसाचं आहे का? सर्वांत जास्त हाडांची फाइल याच प्रश्नावर बंद होते. बकरी, डुक्कर, गाय यांची हाडं जाणकाराला बघताक्षणी कळतात. फसवतं ते अस्वल. कातडं आणि नखं गेलेला अस्वलाचा पंजा माणसाच्या हातापायासारखा इतका दिसतो की जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्याचं वेगळं चित्र दिलेलं असतं. नागझिरा-नवेगावच्या जंगलात अस्वल आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात ही पुस्तकातली गंमत राहत नाही. तुकडा फारच लहान असेल तर सूक्ष्मदर्शक किंवा प्रथिनांची चाचणी लागते. मोठ्या हाडाला मात्र सरावलेली नजर पुरते.

दुसरा प्रश्न, किती माणसं? इथे हिशेब बाजारातल्यासारखा असतो. उजव्या मांडीची दोन हाडं निघाली तर माणसं किमान दोन. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं, त्यातली २७ एकेका हातात आणि २६ एकेका पायात. म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं हातापायांच्या टोकांना असतात, आणि तीच हरवतात. कोल्हा नेतो, रानडुक्कर उकरतं, साळिंदर तर हाडं बिळात ओढून नेऊन कुरतडत बसतं. त्याच्या दातांच्या एकाशेजारी एक समांतर खाचा अनाडी माणसाला हत्याराचे वार वाटू शकतात. बाकीचं नुकसान आपण करतो. हाडं गोणपाटात भरायची, पोत्याला सुतळी बांधायची आणि गाडीत टाकायचं, ही पद्धत अजून पुरती गेलेली नाही. एकमुळी दात कवटीतून सहज गळतात. गळ्यातलं घोड्याच्या नालेसारखं हाड, ज्याच्या मोडण्यावरून गळा दाबल्याचा संशय येतो, ते बोटाच्या पेराएवढं असतं. माती चाळल्याशिवाय ते मिळत नाही. खरं काम करायचं तर आखणी करून चौकोन पाडायचे, खुरपी आणि ब्रशने उकरायचं, प्रत्येक हाड जागेवर असताना फोटो काढायचा आणि मग सगळी माती चाळणीतून काढायची.

ही शिस्त पोलिसांकडे आली ती पुरातत्त्वाकडून. महाराष्ट्रात याची शाळा म्हणजे पुण्याचं डेक्कन कॉलेज. घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झालं. ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली दोनशेहून जास्त दफनं निघाली. लहान मुलं तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत, मोठी माणसं घोट्याखालचे पाय तोडून पुरलेली. ते पाय पुरताना तोडले की नंतर हाडं हलली, हे ठरवायला जी नजर लागते, तीच नजर मुर्रीच्या खड्ड्यात लागते. आणि संबंध तेवढाच नाही. गोंदियाच्या पश्चिमेला नागपूरकडे माहुरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा इथे शिळावर्तुळांखाली अडीच हजार वर्षांमागची माणसं सापडली आहेत. तेव्हा विदर्भात जमिनीखालून आलेलं हाड परवाचं की प्राचीन, ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

किती जुनं, हा सगळ्यांत निसरडा प्रश्न. त्यावर भलेभले आपटले आहेत. १९७७ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यात एका उचकटलेल्या थडग्यापाशी प्रेत सापडलं. विल्यम बास या नामांकित मानवशास्त्रज्ञाने, मांस अजून गुलाबी दिसतंय असं बघून, मृत्यू वर्षभरातला असावा असं सांगितलं. तो निघाला कर्नल विल्यम शाय, १८६४ च्या नॅशव्हिलच्या लढाईत पडलेला. लेप लावलेलं प्रेत लोखंडी पेटीत बंद होतं, म्हणून टिकलं. चूक ११३ वर्षांची. बासने ती झाकली नाही, उलट १९८१ मध्ये विद्यापीठाच्या जमिनीवर दान केलेली प्रेतं उघड्यावर ठेवून ती कशी कुजतात, याची नोंद सुरू केली. पण टेनेसीची थंडी आणि गोंदियाचा ऑगस्ट यांचा मेळ कसा बसणार? आपल्या पावसाळ्यात, उघड्यावर, माश्या आणि कुत्र्यांच्या राज्यात काही आठवड्यांत सांगाडा उरू शकतो. तेच प्रेत बोडीच्या गाळात रुतलं तर चरबीचा साबण होऊन आकार महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून शहाणा तज्ज्ञ इथे आकडा देत नाही, पल्ला देतो. वकिलांना पल्ला आवडत नाही.

आता बाई की पुरुष. इथे हाड बरंच मोकळं बोलतं, पण कमरेचं हाड हाती असेल तरच. बाळाला वाट देण्यासाठी बाईची कंबर रुंद असते, पुढच्या सांध्याखालचा कोन पसरट असतो, मागची खाच उघडी असते. आपल्याकडची न्यायवैद्यकाची पुस्तकं क्रॉगमनचे जुने आकडे देतात: फक्त कमरेच्या हाडावरून ९५ टक्के, फक्त कवटीवरून ९२, दोन्ही मिळून ९८, आणि नुसत्या लांब हाडांवरून ८०. परीक्षेत हे आकडे पाठ म्हणावे लागतात. पण ते पूर्ण वाढलेल्या माणसांचे आहेत. दहा वर्षांच्या मुलाच्या हाडावरून मुलगा की मुलगी हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, आणि हरवलेल्यांत मुलंही असतात.

वयाचं उलट आहे. तिथे लहान माणूस सोपा. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ येते, अक्कलदाढ सतरा ते पंचवीसमध्ये. हाडांची टोकं ठरावीक क्रमाने सांधत जातात. सगळ्यांत शेवटी गळ्यापाशी गळपट्टीच्या हाडाचं आतलं टोक सांधतं, विशीच्या मध्यात, कधी तिशीला टेकताना. तिथपर्यंत वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने सांगता येतं. पुढे मात्र हाड वाढत नाही, झिजतं. आणि झीज प्रत्येकाची वेगळी. ओझी वाहणाऱ्या हमालाचा चाळिशीतला मणका आणि बँकेतल्या माणसाचा साठीतला मणका बरोबरीने बसू शकतात. स्वीडनच्या गुस्ताफसनने १९५० मध्ये दातातले सहा बदल मोजून वय काढायची रीत दिली. त्यातला पहिला बदल म्हणजे दाताची झीज. आपल्या विदर्भात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाणाऱ्याचे दात पस्तिशीतच सपाट झालेले असतात, तेव्हा ती रीत इथे डोळे मिटून लावली तर माणूस पन्नाशीचा निघेल. पण तोच खर्रा दुसरीकडे कामाला येतो. दातावरचा तपकिरी काळपट थर सांगाड्यावरही राहतो, आणि घरचे सांगू शकतात की होय, आमचा माणूस दिवसाला आठ-दहा पुड्या खायचा.

उंचीची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात एक मराठी नाव आहे. हाडाच्या लांबीवरून उंची काढायचं गणित १८९९ मध्ये कार्ल पिअर्सनने मांडलं. जगात सर्वांत जास्त वापरली गेलेली सूत्रं ट्रॉटर आणि ग्लेसर यांची, १९५२ ची. ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हाडांवरून निघाली. ती आपल्याला लागू होतील कशी? आपल्या माणसाचं धड आणि पाय यांचं प्रमाण वेगळं. म्हणून बंगालात, उत्तर प्रदेशात, पंजाबात वेगळी मापं घेतली गेली, आणि १९६३ मध्ये एम. सी. आठवले यांनी २५ ते ३० वयाच्या १०० महाराष्ट्रीय पुरुषांच्या हाताच्या पुढच्या भागातल्या दोन हाडांवरून सूत्रं बसवली. चूक धरायची साधारण साडेतीन सेंटिमीटर, वर किंवा खाली. साठ वर्षं उलटली तरी महाराष्ट्रावरच्या निबंधांत हा अभ्यास आधाराला घेतला जातो. शंभर तरुण पुरुष. आपल्या मुर्रीच्या हाडाला ते सूत्र लागतच नाही, कारण हाड मांडीचं आहे, आणि समजा हाताचं असतं, पण एखाद्या गोंड बाईचं असतं, तरी त्या शंभरांत तिच्यासारखं कुणीच नव्हतं.

तेव्हा ठोकताळ्यावर यावं लागतं. मांडीचं हाड म्हणजे उंचीच्या साधारण २७ टक्के. हाड मापपट्टीच्या पाटावर ठेवलं, ४४ सेंटिमीटर भरलं. उंची १६३ च्या आसपास, म्हणजे पाच फूट चार इंच. कागदावर हे नेमकं दिसतं. पण भोवतालच्या पाच-सहा सेंटिमीटरच्या शंकेसकट वाचलं तर गोंदिया जिल्ह्यातले निम्मे पुरुष त्यात बसतील.

यात एक कडू गंमत आहे. जगभरच्या वैद्यक विद्यार्थ्यांनी ज्या सांगाड्यांवर हाडं शिकली, ते अनेक दशकं कोलकात्यातून जात होते. १९८५ मध्ये भारताने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली. दुसऱ्यांच्या कपाटांत आपली माणसं लटकली, आणि आपल्या माणसांची मापं काढायला आपल्याकडे नाव, वय, लिंग माहीत असलेल्या सांगाड्यांचे मोठे संग्रह तुटपुंजेच राहिले. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयांना मिळतात. ती विच्छेदनाच्या टेबलावर संपतात. हाडं नोंदीसकट जपून ठेवणं हे वेगळं काम आहे आणि त्याला कुणी वाली नाही.

पूर्वी या क्रमात आणखी एक प्रश्न ठामपणे विचारला जायचा: वंश कोणता? त्याचं उत्तर आता बरंच सावध झालंय. या सावधपणात आपल्या इरावती कर्वे यांचा वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून त्या घरोघर पोचल्या, पण त्यांची बर्लिनमधली पीएच.डी. कवट्यांवरची. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या ऑयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकाकडे शिकत होत्या. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्यावरून त्यांची बुद्धी वरचढ ठरते, असा त्याचा कयास. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाच्या तोंडावर त्याच्या सिद्धान्ताविरुद्ध मापं ठेवायची, तीही परक्या देशात, परक्या भाषेत. पुढे १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. हाडाने जे सांगितलं नाही, ते त्याच्या तोंडी घालायचं नाही, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

हाड स्वतःहून गप्प राहतं त्याचं मोठं उदाहरण रूपकुंडचं. उत्तराखंडातल्या त्या बर्फाळ तळ्याकाठचे शेकडो सांगाडे १९४२ मध्ये लोकांसमोर आले. कुणी म्हणालं सैनिक, कुणी म्हणालं यात्रेकरू. कवट्यांवरच्या गोल जखमा पाहून अभ्यासकांनी गारपिटीचा अंदाज बांधला. २०१९ मध्ये ३८ जणांचा डीएनए प्रसिद्ध झाला, त्या कामात डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि वीणा मुश्रीफ-त्रिपाठी हेही होते. त्यातले २३ दक्षिण आशियाई निघाले, एक आग्नेय आशियातला, आणि १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे. शिवाय दोन गटांच्या मृत्यूंत जवळजवळ हजार वर्षांचं अंतर. इतकी वर्षं इतक्या जणांनी ती हाडं हाताळली, पण हिमालयात ग्रीसकडची माणसं असतील हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

आता नावाकडे वळू. नाव लावायचे मार्ग बरेच आहेत, आणि प्रत्येकाला दुसरी बाजू लागते. इकडे हाड असेल तर तिकडे जिवंतपणीची काहीतरी नोंद हवी. १९३५ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमध्ये मॉफट गावाजवळ एका ओढ्यात कागदात गुंडाळलेले दोन बायकांचे तुकडे सापडले. ओळख पटू नये म्हणून चेहरे आणि बोटांची टोकं कापलेली होती. ग्लासगो आणि एडिंबराच्या ग्लेस्टर आणि ब्रॅश या प्राध्यापकांनी तुकडे जुळवले, आणि एका बाईच्या जुन्या फोटोवर कवटीचा फोटो बसवून पाहिला. फोटोत तिने डोक्यावर मुकुटासारखा दागिना घातला होता. त्याच दागिन्याच्या मापावरून फोटो खऱ्या आकाराला आणला. शिवाय गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा अंक लँकेस्टर भागापुरता छापलेला होता, आणि अळ्यांवरून दिवस मोजले गेले. आरोपी होता त्या बाईचा जोडीदार डॉ. बक रक्स्टन, म्हणजे मूळचा मुंबईचा पारशी, बुख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम. मे १९३६ मध्ये त्याला फाशी झाली. कवटीवर फोटो बसवायची रीत नावारूपाला आली ती या खटल्याने. भारतात सर्वोच्च न्यायालयाने रामलोचन अहीर खटल्यात, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, असा पुरावा विचारात घेता येतो असं मान्य केलं.

पण ही रीत ‘हा तो नव्हे’ म्हणायला जितकी पक्की, तितकी ‘हाच तो’ म्हणायला नाही. आणि फोटो कसला मिळतो त्यावर सगळं अवलंबून. आधार कार्डावरचा फोटो तोंड मिटलेला, बऱ्याचदा पुसट. आधारला दिलेले बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं सांगाड्याला नसतात, त्यामुळे अब्जावर लोकांची ती प्रचंड नोंद इथे कुचकामी. त्यापेक्षा कुणाच्या हळदीत नाचताना मोबाइलवर निघालेला, दात दिसतील असा हसरा फोटो लाखमोलाचा. पुढच्या दोन दातांतली फट, एकावर एक चढलेला सुळा, तुटलेला कोपरा, हे सगळं कवटीत जसंच्या तसं असतं. जिथे माणसं दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे जातात, तिथे एक्स-रे आणि भरलेल्या दाढांचा तक्ता मिळतो. आमच्याकडे दाढ दुखली की लवंग, फारच दुखली की उपटून टाकणं. कागद उरत नाही.

म्हणून इथल्या हाडाला इथल्याच प्रश्नांनी विचारावं लागतं. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार पसरलेला आहे. त्यात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा रक्तावाचून सुकतो, खचतो. मणके माशाच्या तोंडासारखे दबतात. माणूस लंगडत असेल तर गावाला आठवतं, आणि त्याच्याकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर ती चक्क सरकारी नोंद. जन्मभर उकिडवं बसणाऱ्याच्या नडगीच्या खालच्या टोकाला पुढून लहानशी घासलेली चकती तयार होते. हा खुणेचा ठसा आहे खरा, पण रोवणीला गेलेल्या प्रत्येक बाईच्या पायात तो असणार, म्हणून ओळखीला त्याचा उपयोग कमी. मोटरसायकलच्या अपघातात टाकलेली पट्टी किंवा सळई सापडली तर मात्र नशीब. तिच्यावर कंपनीचा शिक्का आणि क्रमांक असतो, आणि कुठल्यातरी दवाखान्यात मोडलेल्या पायाचा एक्स-रे. हाडाबाहेरच्या वस्तूंनाही कमी लेखू नये. पायातली जोडवी, काळी पोत, आणि शर्टाच्या कॉलरमागची शिंप्याची चिठ्ठी. त्या दीड इंची चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि गाव असतं. तयार कपड्यांनी ती चिठ्ठी संपवली, ही तपास करणाऱ्यांची हानीच झाली.

मग डीएनए आहे की, असं सगळे म्हणतात. आहेच. पण तोही जोडीनेच चालतो. गोव्याचं उदाहरण घ्या. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणमध्ये शिराझला ठार केलं गेलं. तिच्या अस्थी ऑगस्टिनियन साधूंनी गोव्याला आणल्या असा पोर्तुगीज कागदांत उल्लेख होता. जुन्या गोव्यातल्या पडक्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये पुरातत्त्व खात्याला हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने त्यातला आईकडून येणारा डीएनए तपासला. तो जॉर्जियात आढळतो अशा शाखेचा होता आणि भारतीय नमुन्यांत तशी शाखा मिळाली नाही. २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अस्थींचा अंश जॉर्जियाला सुपूर्द केला. लक्षात घ्या, डीएनएने ‘केतेवान’ असं नाव सांगितलं नाही. ‘जॉर्जियाकडची बाई’ असं म्हणण्याइतपत सांगितलं. नाव कागदांनी दिलं. दोन्ही मिळाले म्हणून चारशे वर्षांनी काम झालं.

मुर्रीच्या हाडाचा तुकडा किंवा दात बहुधा नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जाईल, रेल्वेने सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे लिंग, वय, उंची यांचं मत इथेच मिळू शकतं. ते देणारे डॉक्टर न्यायवैद्यकाचे किंवा शरीररचनाशास्त्राचे असतात. ‘न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ’ अशी पाटी जिल्ह्याच्या ठिकाणी दिसत नाही. नागपुरात मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं केंद्र आहे, न्यायसहायक विज्ञानाची शासकीय संस्थाही आहे, पण त्या आणि ठाण्याचा हवालदार यांच्यामध्ये पायवाट मळलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं असं आहे. सापडलेलं हाड मात्र पहिल्या दिवशी गुन्हा नसतो, मर्ग असतो. म्हणजे ज्या दिवशी तज्ज्ञ खड्ड्यापाशी हवा, त्या दिवशी कायदा त्याला बोलावत नाही.

आणि डीएनए आला तरी तो जुळवायचा कुणाशी? हरवल्याची तक्रार एका राज्यात, हाड दुसऱ्या राज्यात. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं मोठं जंक्शन. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दारातच. गिरणीवर, वीटभट्टीवर, तेंदूपत्त्यावर येणारा-जाणारा माणूस कुठल्या जिल्ह्यातून निघाला आणि कुठे उतरायचा होता, हे कधी कधी त्याच्या घरालाही नीट माहीत नसतं. बेपत्तांच्या नातेवाइकांचा डीएनए एका ठिकाणी जपायची सोय करणारं विधेयक संसदेत २०१९ मध्ये आलं होतं. खाजगी माहितीच्या गैरवापराची भीती त्यावर व्यक्त झाली, ती खोटी नव्हती. जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. माझ्या मते गुन्हेगारांची नोंद आणि हरवलेल्यांची नोंद एकाच गोणीत कोंबली, तिथे चुकलं. लेकरासाठी रक्ताचा थेंब द्यायला तयार असलेल्या आईला आरोपीच्या रांगेत उभं करायची गरज नव्हती.

दुसरी बाजू नसली की काय होतं, हे रायगडने दाखवलं. मे २०१२ मध्ये पेण तालुक्यातल्या जंगलात एका तरुण बाईचे जळालेले अवशेष सापडले. तीन वर्षं ते बिननावाचे राहिले. २०१५ मध्ये मुंबईत एका वेगळ्याच धाग्यावरून तपास सुरू झाला, संशयिताने जागा दाखवली, उरलेली हाडं पुन्हा उकरली आणि नातं जुळवून पाहिलं गेलं. खटला न्यायालयात आहे, त्याबद्दल काही बोलायचं नाही. एवढंच दिसतं की हाडांनी नाव शोधलं नाही. नाव आधी आलं आणि मग हाडांकडे जाऊन खात्री केली गेली. पुढे २०२४ मध्ये न्यायालयात सांगण्यात आलं की ती हाडं मिळत नाहीत, आणि नंतर सांगण्यात आलं की तपास यंत्रणेच्याच कार्यालयात ती होती. सांगाडा मातीत जितका हरवत नाही, तितका मालखान्यात हरवू शकतो.

जळालेल्या हाडांचा विषय निघाला म्हणून एक बाजूची गोष्ट. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं की चिता हाड संपवत नाही. मांसासकट जळालेल्या हाडावर नखाच्या चंद्रकोरीसारख्या वाकड्या भेगा पडतात. सुकं हाड जाळलं तर भेगा बऱ्याचशा सरळ, जाळीसारख्या पडतात. म्हणजे माणूस जाळला की आधीच वाळलेला सांगाडा, हे राखेतूनही उमगू शकतं. दाताचा मुकुट तडकून उडतो, मुळं जबड्यात राहतात. मात्र हाड पांढरंफट्ट होईपर्यंत भाजलं गेलं तर डीएनए मिळण्याची आशा जवळपास संपते.

इकडे घरच्यांची घड्याळं वेगळी चालतात. माणसाबद्दल सात वर्षं कुणाच्या कानावर काही आलं नाही, तर कायदा त्याला मेला असं मानू शकतो. तोवर सातबाऱ्यावरचं नाव हलत नाही, विम्याचा पैसा अडतो, बायको कुंकू लावायचं की नाही या विचारात असते. नागपूरहून आलेल्या कागदावरची एक ओळ या सगळ्याला वाट देऊ शकते, म्हणून ती वेळेत यावी एवढंच मागणं असतं. धर्मशास्त्राने मात्र प्रयोगशाळेची वाट पाहिलेली नाही. प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचे ३६० देठ घ्यायचे, अवयवांप्रमाणे वाटून त्यांचा माणूस मांडायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, असा विधी सांगितला आहे. आमच्याकडे पळसाला तोटा नाही. पुढे कधी मुर्रीसारख्या शिवारातून खरी हाडं आली, अहवाल जुळला, तर ज्याचं एकदा देठांनी दहन झालंय त्याच्या घरी पुरचुंडी पोचते. ठाण्यातला माणूस पोच म्हणून सही मागतो, आणि पंचनाम्यावरचा ‘अनोळखी’ हा शब्द एका रेघेने खोडून वर बारीक अक्षरात नाव लिहितो.